जुना एम३५ए२ ट्रक सकाळी उठत नाही, चढावर ताकद सोडतो: डिझेल पंप बदलण्याआधी काय तपासायचं

लक्षणं अशी. संध्याकाळी ट्रक व्यवस्थित चालवून आणून लावला. सकाळी सेल मारला तर इंजिन फिरतं, पण पेटत नाही. बराच वेळ सेल मारल्यावर एखादा सिलिंडर पेट घेतो, पांढरा धूर येतो, इंजिन अडखळत उठतं आणि मग दिवसभर कुठलीच तक्रार नाही. किंवा याच्या उलट: सुरू लगेच होतो, पण अर्धा तास चालल्यावर चढ लागला की ओढत नाही, गचके देतो, बंद पडतो. दहा मिनिटं बाजूला उभा केला की पुन्हा चालायला लागतो. फिल्टर बदलले की थोडे दिवस बरे जातात आणि मग पुन्हा तेच.

अमेरिकी लष्कराने लिलावात काढलेला अडीच टनी एम३५ए२ ज्याच्या अंगणात आहे, त्याला हा त्रास कधी ना कधी होतोच. आणि तो झाला की सगळ्यांचं बोट आधी डिझेल पंपाकडे, म्हणजे इंजिनावरच्या इंजेक्शन पंपाकडे जातं. पंप महाग, मिळायला अवघड, उतरवायला जड, आणि परत बसवताना टायमिंग जुळवावं लागतं. एवढा खटाटोप केल्यावर दुसऱ्या आठवड्यात तोच पांढरा धूर दिसला, तर माणूस ट्रक विकायलाच काढतो. माझं ठाम मत आहे की टाकी ते पंप एवढा रस्ता जोड-जोड तपासल्याशिवाय पंपाला पाना लावू नये. दुखणं बहुतेक वेळा तिथेच असतं, आणि ते म्हणजे डिझेलमध्ये शिरणारी हवा.

ट्रकची थोडी ओळख

लष्करी ट्रक म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जबलपूरचा शक्तिमान येतो. एम३५ हा त्याचा अमेरिकी समकालीन म्हणता येईल: तीन आक्सल, सहाही चाकांना ड्राइव्ह, रिकामं वजन सहा टनांच्या आसपास. १९५० पासून लष्करात, आधी पेट्रोलवर. १९६० च्या दशकात ए२ रूपात त्याला मल्टिफ्युएल, म्हणजे अनेक इंधनांवर चालणारं, इंजिन आलं: एलडी-४६५, आणि टर्बो असलेलं एलडीटी-४६५. सहा सिलिंडर, ७.८ लिटर, कॉम्प्रेशन २२ ला १. टर्बो ताकदीपेक्षा धूर कमी व्हावा म्हणून दिला होता, त्यामुळे टर्बो आहे म्हणून या इंजिनाकडून फार अपेक्षा ठेवू नका.

शक्तिमानचं नाव मी उगाच घेतलं नाही. शक्तिमान हा जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून बनत होता, आणि या अमेरिकी इंजिनाची ज्वलनपद्धतही मानचीच. सीगफ्रीड मॉयरर या इंजिनिअरने ती विकसित केली. पिस्टनच्या डोक्यात गोल खळगा असतो, नोझल डिझेल त्या खळग्याच्या भिंतीवर पातळ थरासारखं पसरवतं, आणि ते भिंतीवरून वाफ होत होत जळतं. त्यामुळे इंजिन मऊ चालतं, रॉकेल आणि विमानाचं इंधनही पचवतं. पण भिंत थंड असेल तर वाफ नीट होत नाही. म्हणून थंडीत पहिली काही मिनिटं पांढरा धूर निघणं हा या इंजिनाचा स्वभाव आहे. धूर गरम झाल्यावरही राहिला किंवा सोबत मिसिंग (एखादा सिलिंडर मधूनच न पेटणं) असेल, तरच पुढचं वाचून कामाला लागा.

डिझेल कुठून कुठे जातं

हे डोक्यात पक्कं बसलं की अर्धं काम झालं. टाकीच्या आत बुडवलेला २४ व्होल्टचा इलेक्ट्रिक पंप आहे. तो डिझेल वर ढकलतो. तिथून प्रायमरी फिल्टर, तिथून इंजिनावरच्या इंजेक्शन पंपालाच जोडलेला सप्लाय पंप, मग सेकंडरी आणि फायनल हे दोन फिल्टर, आणि शेवटी इंजेक्शन पंपाचं हायड्रॉलिक हेड, ज्यातून सहा नोझलना सहा नळ्या निघतात.

गंमत पहिल्या टप्प्यात आहे. टाकीतला पंप चालू असेल तर टाकीपासून सप्लाय पंपापर्यंत सगळी लाइन थोड्या दाबाखाली असते. जोड सैल असेल तर डिझेल बाहेर ठिबकतं, तुम्हाला दिसतं. पण हा पंप मेलेला असला तरी ट्रक चालतो! इंजिनावरचा सप्लाय पंप स्वतःच डिझेल ओढून घेतो. त्यामुळे मालकाला वर्षानुवर्षं पत्ताच नसतो की टाकीतला पंप बंद आहे. आता तीच लाइन दाबाऐवजी ओढीखाली आली. सैल जोडातून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. चिरलेल्या नळीने शहाळं प्यायला गेलं तर पाण्याआधी हवाच तोंडात येते, तसंच. आणि बाहेरून जोड कोरडा ठणठणीत. ‘कुठेच लिकेज नाही, म्हणजे पंपच गेला’ हा निष्कर्ष इथूनच निघतो.

रात्रभर ट्रक उभा राहिला की त्याच बारीक फटीतून हवा शिरते आणि नळीतलं डिझेल हळूहळू टाकीकडे उतरतं. सकाळी पंपात डिझेलच्या जागी हवा. सेल मारून मारून ती हवा एकदाची निघते आणि मग दिवसभर ठीक.

पाना हातात घेण्याआधी

चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. हँडब्रेकवर विसंबून या ट्रकच्या खाली कुणी जाऊ नये. नोझलच्या नळीतून निघणाऱ्या डिझेलला हजारो पीएसआयचा दाब असतो, ते कातडी भेदून आत जातं. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमावायची वेळ येऊ शकते, आणि असं झालं तर दुखायची वाट न पाहता तातडीने मोठ्या हॉस्पिटलात जायचं. चष्मा लावा, आणि लिकेज बोटाने चाचपू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरा.

दुसरी तयारी: टर्बोच्या किंवा मॅनिफोल्डच्या (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळीच्या) हवेच्या तोंडावर घट्ट बसेल असा जाड प्लायवुडचा तुकडा जवळ ठेवा. बराच काळ उभ्या असलेल्या इंजिनात पंपातला इंधन नियंत्रणाचा भाग अडकलेला असू शकतो, आणि तो पूर्ण उघड्या अवस्थेत अडकला तर इंजिन सुरू होताच सुसाट सुटतं आणि स्टॉपची केबल ओढूनही थांबत नाही. हवा कोंडणं हा एकच उपाय उरतो. हात किंवा फडकं लावायचं नाही, दोन्ही आत ओढले जातात.

आणि टीएम ९-२३२०-३६१-२० हे लष्कराचं देखभालीचं पुस्तक मिळवा. सरकारी प्रकाशन आहे, मोकळेपणाने मिळतं. इंजिनाच्या आतल्या कामासाठी टीएम ९-२८१५-२१०-३४ वेगळं आहे. वायरींना धातूच्या पट्टीवर नंबर ठोकलेले असतात, ते या पुस्तकातल्या नकाशाशी जुळवता येतात. इतकी नीट लिहिलेली पुस्तकं फार थोड्या गाड्यांच्या नशिबी असतात.

पाच मिनिटांत होणाऱ्या तपासण्या

इंजिन बंद करायची केबल पूर्ण आत गेली आहे का? डॅशबोर्डवरची मूठ आत ढकलली तरी जुनी केबल अडकते आणि पंपावरचा दांडा अर्ध्यावर राहतो. बॉनेट उघडून तो दांडा डोळ्यांनी बघा. टाकीत डिझेल आहे का हे काट्यावरून ठरवू नका, स्वच्छ काठी बुडवून बघा. टाकीचं झाकण उघडताना फुस्स आवाज येऊन हवा आत ओढली गेली, तर झाकणाचा श्वास बंद आहे. अर्ध्या तासाने ताकद सोडणाऱ्या ट्रकमध्ये हे आधी बघावं: डिझेल खाली जातं, टाकीत निर्वात तयार होतो, सप्लाय पंपाला ओढवत नाही. झाकण थोडं सैल करून तोच चढ चढून बघा. चढला तर झाकण साफ करा किंवा बदला, काम संपलं.

सेल मारताना इंजिन जड फिरत असेल तर आधी बॅटरीकडे जा. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये आहेत. दोन्ही एकाच वयाच्या हव्यात. रेडिओसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढलेले असतील तर ती जोडी कायम असमतोल राहते आणि दोन्ही बॅटऱ्या लवकर मरतात. सेल मारताना व्होल्टेज १८ च्या खाली जाऊ नये. बॅटऱ्या चांगल्या असूनही जड फिरत असेल तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडावर ठेवून सेल मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी गंजली आहे. उतरवा, दोन्ही बाजूंचं लोखंड चकचकीत घासा, परत आवळा. कॉम्प्रेशनवर पेटणाऱ्या इंजिनाला फिरण्याचा वेग मिळाला नाही तर डिझेल कितीही शुद्ध आलं तरी ते पेटत नाही.

टाकीतला पंप जिवंत आहे का

स्विच चालू केला की टाकीतून बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. अडचण अशी की स्विच चालू होताच कमी हवेचा बझर बोंबलायला लागतो आणि ब्रेकच्या टाकीत साधारण ६० पीएसआय भरेपर्यंत थांबत नाही. त्या आवाजात पंप ऐकू येत नाही, आणि मला वाटतं बंद पंप इतके दिवस लपून राहायचं हे मोठं कारण आहे. बझरचा रबरी जोड तात्पुरता काढा, किंवा घरच्या कॉम्प्रेसरने हवा भरून घ्या. मग कान टाकीला लावा.

आवाज नसेल तर पंपाच्या जोडावर मीटर लावा. २४ च्या आसपास व्होल्ट येत असतील आणि अर्थही चांगला असेल, तर पंप मेला. १५-१८ व्होल्टच येत असतील तर वाटेतल्या रबरी कनेक्टरमध्ये हिरवा गंज सापडेल. आवाज आहे पण डिझेल येत नाही असंही होतं: खालची जाळी गाळाने भरलेली असते. म्हणून आवाजावर न थांबता प्रायमरी फिल्टरकडे येणारी नळी सोडून बादलीत धरा आणि स्विच लावा. अखंड धार यायला हवी. फुटकत-फुटकत आली तर टाकीतच दोष आहे.

पंप बाहेर काढलात तर पंपापासून वरच्या प्लेटपर्यंतची नळी आणि तिचे जोड नीट बघा. तिथे चीर असेल तर एक विचित्र लक्षण दिसतं: टाकी भरलेली असेपर्यंत ट्रक उत्तम, अर्ध्याखाली गेली की त्रास सुरू. चीर डिझेलमध्ये बुडालेली असते तोवर ती डिझेलच ओढते, उघडी पडली की हवा. टाकी सुमारे १९० लिटरची आहे, त्यामुळे हा खेळ पुष्कळ दिवस चालतो आणि मालक ‘अमुक पेट्रोल पंपावरचं डिझेल खराब’ अशा समजात राहतो.

पंप मेला असेल तर बदला. त्याच्याशिवाय ट्रक चालतो हे खरं, पण तो नसेल तर हवा काढणं अवघड होतं आणि लिकेज शोधणं त्याहून अवघड. मी हा पंप इंजिनासाठी जितका आवश्यक मानतो, त्याहून जास्त दुरुस्ती करणाऱ्यासाठी मानतो.

हवा शिरायची जागा शोधणं

टाकीतला पंप चालू झाला की शोध सोपा आहे. सगळे जोड ब्रेक क्लीनरने धुऊन पूर्ण कोरडे करा. प्रत्येक जोडाभोवती खडूची पूड लावा किंवा वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळा. इंजिन बंद ठेवून फक्त स्विच लावा आणि पाऊण तास बॅटरी चार्जरवर ठेवून ट्रक तसाच राहू द्या. जिथे खडू काळवंडला, तिथून रात्री हवा आत जात होती. टाकी ते सप्लाय पंप या पट्ट्यातला ओला जोड आधी दुरुस्त करायचा. त्याच्या पुढचे जोड चालू इंजिनात दाबाखालीच असतात, तिथून डिझेल गळतं, पण हवा शिरते ती इंजिन बंद झाल्यावर.

पंप मेलेला आहे आणि नवा यायला वेळ आहे, अशा वेळी स्वच्छ डिझेलचा कॅन वापरा. कॅन इंजिनापेक्षा उंच, मडगार्डवर नीट बांधून ठेवा, एक्झॉस्टपासून लांब. त्याची नळी थेट प्रायमरी फिल्टरच्या तोंडाला जोडा. वरून येणाऱ्या डिझेलचा थोडा दाब पडतो आणि फिल्टरपासून पुढचे जोड बोलायला लागतात. याच कॅनवर इंजिन सुरू करून बघा. कॅनवर तासभर सुरळीत चाललं आणि टाकीवर आणलं की मिसिंग, तर दोष टाकी ते फिल्टर या भागात. कॅनवरही तेच झालं तर फिल्टर ते पंप. या एका चाचणीने संशयाचं क्षेत्र अर्धं होतं, आणि खर्च एका कॅनचा. पंप उतरवायला निघालेल्या प्रत्येकाने आधी ही करावीच.

सप्लाय पंपाच्या अगदी आधी हातभर पारदर्शक नळी बसवली तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. सुरू केल्यावर पहिली काही सेकंद थोडे बुडबुडे दिसले तर घाबरू नका. इंजिन गरम झाल्यावरही माळ चालूच असेल तर हवा शिरते आहे. ही नळी तपासणीपुरतीच. कायमची ठेवली तर कडक होऊन तीच चिरते.

कुठे सापडतं? माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त प्रायमरी फिल्टरच्या गॅस्केटमध्ये. जुनं गॅस्केट खाचेत चिकटून काळं पडलेलं असतं, ते दिसत नाही, आणि त्याच्यावरच नवं बसवलं जातं. दोन गॅस्केट एकावर एक, कितीही आवळा, हवा येणारच. ‘फिल्टर बदलल्यापासूनच त्रास सुरू झाला’ असं कुणी सांगितलं की मी आधी तिथेच बघायला सांगतो. टोकदार पण मऊ वस्तूने, पितळेच्या किंवा लाकडाच्या काडीने, खाच पूर्ण कोरून काढा. त्यानंतर येतात फिल्टरच्या तळाच्या पाणी काढायच्या चाव्या, कारण त्या गाळ अडकून अर्धवट बंद होतात. मग जुने रबरी होज. यांचं आतलं अस्तर सुटतं आणि पडद्यासारखं आडवं येतं. बाहेरून होज ठीक दिसतो, दाबून बघितला तर मऊ लागतो. ओढ वाढली की अस्तर वाट बंद करतं, आणि लक्षण दिसतं ते फक्त चढावर, जोर लावताना.

रबराबद्दल एक गोष्ट माहीत असायला हवी. अमेरिकेत २००६ पासून रस्त्यावरच्या डिझेलमधलं गंधक ५०० पीपीएमवरून १५ पीपीएमवर आणलं गेलं. नव्या डिझेलमध्ये जुनी नायट्राइल रबराची सीलं आकसतात. वीस-तीस वर्षं जुन्या डिझेलमध्ये फुगून बसलेलं सील अचानक सैल होतं. म्हणून जे सील उघडाल ते परत लावू नका, व्हायटन या इंधनाला टिकणाऱ्या रबराचं नवं घाला. सील स्वस्त आहेत, पुन्हा उघडायचे कष्ट महाग.

थंड हवेत सुरू व्हायला मदत म्हणून मॅनिफोल्डला फ्लेम हीटर असतो, त्याला डिझेलची स्वतःची नळी आणि झडपा आहेत. तो वापरत नसाल तर त्याची नळी नीट बूच लावून बंद करा. बंद पडलेल्या फ्लेम हीटरची सैल नळी हेही हवेचं दार होऊ शकतं.

फिल्टर बदलून हवा काढणं

तिन्ही फिल्टर एकदम बदला. जुने एलिमेंट फेकण्याआधी उघडून बघा: त्यातला गाळ टाकीची हकिकत सांगतो. तांबडी पूड म्हणजे टाकी गंजते आहे. काळा बुळबुळीत थर म्हणजे पाणी आणि डिझेलच्या सीमेवर वाढणारे जंतू, त्यांना जंतुनाशक औषधाचा डोस आणि टाकीची सफाई लागेल. चिकट काळं डांबर असेल तर मागच्या मालकाने वापरलेलं इंजिन ऑइल टाकीत ओतलेलं आहे.

यावर मला स्पष्ट बोलायचं आहे. मल्टिफ्युएल म्हणजे काहीही ओता, असा अर्थ या इंजिनाच्या पुस्तकात कुठेही नाही. लष्कराला युद्धात जे इंधन हाताशी असेल त्यावर ट्रक हलवता यावा, हा उद्देश होता. जुनं काळं ऑइल वस्त्रगाळ करून घातलं तरी त्यातली काजळी आणि राख पंपाच्या अतिसूक्ष्म फटीत बसते. दर महिन्याला फिल्टर तुंबणाऱ्या ट्रकांच्या मालकांना मी आधी हाच प्रश्न विचारतो, आणि उत्तर बहुधा ओशाळलेल्या हसण्याने येतं. पेट्रोल पंपावरच्या दरात चार पैसे वाचतात आणि हायड्रॉलिक हेड जातं. चांगलं डिझेल घाला.

हवा काढताना क्रम पाळा. स्विच लावून टाकीतला पंप चालू ठेवा. आधी सेकंडरी फिल्टरचा वरचा हवेचा स्क्रू उघडा, फेस जाऊन स्वच्छ धार आली की बंद करा. मग फायनलचा. दोन्ही झाल्यावर सेल मारा. पंधरा सेकंदांपेक्षा सलग सेल मारू नका, मध्ये मिनिट-दोन मिनिटं थांबा, नाहीतर स्टार्टर जळेल. तरीही पेटलं नाही तर नोझलकडचे नळ्यांचे दोन-तीन नट अर्धा फेरा सैल करा, चेहरा लांब ठेवून कुणालातरी सेल मारायला सांगा. नटाभोवती डिझेलचे ठिपके उडायला लागले की आवळा. इंजिन त्याच क्षणी सुरू होऊ शकतं, त्यामुळे सैल कपडे आणि हात फॅनपासून दूर.

ईथरचा स्प्रे मारू नका. २२ ला १ कॉम्प्रेशनमध्ये तो वेळेआधी पेटतो आणि पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटते. फ्लेम हीटर चालू असताना मारला तर मॅनिफोल्डमध्येच स्फोट होतो.

पंपाचाच दोष असेल तर

इथवर सगळं स्वच्छ निघालं, पारदर्शक नळीत एकही बुडबुडा नाही, फायनल फिल्टरनंतर जोरात धार आहे, आणि तरीही नोझलच्या नटांतून काहीच येत नाही. आता पंपाकडे वळायला हरकत नाही. पण आताही तो लगेच उतरवू नका. वर्ष-दोन वर्षं उभ्या ट्रकमध्ये पंपातली मीटरिंग स्लीव्ह, म्हणजे इंधनाची मात्रा ठरवणारा तो भाग, जुन्या डिझेलच्या राळेने ‘बंद’ स्थितीत चिकटते, कारण शेवटचं इंजिन बंद करताना ती तिथेच नेऊन ठेवली होती. झाकण काढून ती हलते का बघा, चिकटली असेल तर पातळ तेल मुरवून हळूहळू मोकळी करा. हातोडीचं इथे काम नाही. सगळ्या हालचालीत ती दोन्ही बाजूंना सहज सरकली पाहिजे. थोडीशी अडखळत असतानाच इंजिन सुरू केलं तर ते सुसाट सुटायचा धोका असतो, प्लायवुडचा तुकडा त्यासाठीच.

हायड्रॉलिक हेड पूर्ण पंप न उतरवता बदलता येतं. ते वर उचलताना प्लंजरच्या (डिझेल दाबणाऱ्या दांड्याच्या) टोकाचं छोटं बटण खाली पंपात पडू शकतं, आणि ते पडलं तर पंप उतरवावाच लागतो. बसवताना ग्रीसने चिकटवून धरा. हेडवरचा नंबर पंपाच्या पाटीशी जुळवल्याशिवाय विकत घेऊ नका.

इंजिन ऑइलची पातळी वाढते आहे आणि त्याला डिझेलचा वास येतो आहे, हे मात्र थांबून बघायचं लक्षण आहे. हायड्रॉलिक हेडची सीलं गेली की डिझेल ऑइलमध्ये उतरतं, आणि पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंगं टिकत नाहीत. ट्रक त्या दिवसापासून उभा. पंपाच्या बाजूला जो फ्युएल डेन्सिटी कॉम्पेन्सेटर आहे, तो इंधन हलकं की जड हे ओळखून कमाल मात्रा बदलतो. तो बाहेर गळायला लागला की पुष्कळ मालक त्याला बायपास करतात. फक्त डिझेलच वापरणार असाल तर चालतं, पण त्यानंतर कमाल मात्रा पुन्हा बसवावी लागते आणि ती धुराच्या रंगावर अंदाजाने बसवू नये. एक्झॉस्टला पायरोमीटर (त्याचं तापमान दाखवणारा मीटर) लावा. जास्त इंधन दिलं की ट्रक जोरात पळाल्यासारखा वाटतो आणि इंजिनाचं हेड गॅस्केट तापून जातं.

रस्त्यावर नेण्याआधी

इंजिन सुरू झाल्याच्या आनंदात ब्रेक विसरू नका. एम३५ए२ चे ब्रेक हवेच्या जोरावर चालणारे हायड्रॉलिक आहेत आणि हायड्रॉलिकचं सर्किट एकच आहे. एका चाकाचा सिलिंडर फुटला की सगळे ब्रेक जातात. ड्रायव्हरच्या पायाखालची पट्टी उघडून मास्टर सिलिंडरमधलं तेल बघा, चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का बघा. त्यात डॉट ५ सिलिकॉनचं तेल असतं, दुकानातलं नेहमीचं डॉट ३ त्यात मिसळू नका. आणि टायर घरी उघडायचा विचार करू नका. कड्याच्या रिमा आहेत, हवा भरताना कडी उडाली तर माणूस जागीच जातो. पिंजरा असलेल्या दुकानात न्या.

चाचणीला टाकी अर्ध्याखाली असताना निघा, म्हणजे टाकीतल्या नळीची परीक्षा होते. अर्धा तास सपाटीवर, मग तोच जुना चढ. परत आल्यावर जोडांना पुन्हा खडू लावा आणि ट्रक रात्रभर सोडा. सकाळी मुद्दाम टाकीतल्या पंपाचा वायरीचा जोड काढून, त्याच्या मदतीशिवाय सेल मारा. दोन-तीन फेऱ्यांत इंजिन पेटलं तर लाइन हवाबंद झाली. जोड परत लावा, आणि इथून पुढे रोज स्विच लावल्यावर सेल मारण्याआधी अर्धा मिनिट पंपाला चालू द्या.

हिवाळ्यात उभा करणार असाल तर टाकी काठोकाठ भरा, म्हणजे आत दव धरायला जागा राहत नाही, आणि तिन्ही फिल्टरच्या तळाच्या चाव्या उघडून पाणी काढा. कडाक्याच्या थंडीतच फक्त ताकद जात असेल आणि दुपारी ऊन आल्यावर ट्रक ठीक होत असेल, तर वरचं काहीही उघडू नका. डिझेलमधलं मेण गोठून फिल्टरमध्ये बसतं आहे. हिवाळी मिश्रणाचं डिझेल भरा.

शक्तिमान किंवा दुसरा जुना डिझेल ट्रक बाळगणाऱ्यांनाही कॅनची चाचणी, खडूची पूड आणि पारदर्शक नळी जशीच्या तशी उपयोगी पडेल. टाकीत पंप नसेल आणि फीड पंपावर (म्हणजे सप्लाय पंपावर) हाताने दाबायचा प्रायमर असेल, तर दाब त्या प्रायमरने तयार करा. पण प्रायमर फीड पंपाच्या पुढेच दाब देतो, मागची टाकीकडची बाजू ओढीखालीच राहते. ती बाजू तपासायला उंचावर ठेवलेला कॅनच लावावा लागेल.